शैक्षणिक कर्ज आणि नादारी: कोर्टातून कर्ज खरंच मिटतं का?

मांजराकाठ
रामराम मंडळी. लातूर जिल्ह्यातून लिहितोय. विषय घरचाच आहे, पण आपल्याकडं गावोगाव अशी घरं असतील म्हणून सगळ्यांसमोर मांडतो.

धाकट्या भावानं २०१६ ला पुण्याकडच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेतला. बँकेनं साडेसहा लाख मंजूर केले. वडील सहकर्जदार, मामा जामीनदार. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. तारण काही नाही. भाऊ २०२० ला पास झाला, ऐन लॉकडाउनमध्ये. पुढं चाकणला कंत्राटी काम मिळालं, तेही दीड वर्षात सुटलं. जमेल तसे हप्ते २०२३ पर्यंत भरले. मग सलग दोन वर्षं सोयाबीननं हात दिला नाही आणि भरणा थांबला. आता बँक नऊ लाखांच्या वर मागतीय. वसुलीवाले भावाला सोडून मामांच्या शाळेत फोन करायलेत. मामा काही बोलत नाहीत, पण आई त्यांच्याकडं सणाला जायची बंद झालीय.

अशात शहरातला एक 'कर्जमुक्ती सल्लागार' भेटला. तो म्हणतो, भावाचा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज टाकू, कोर्ट नादार घोषित करतं, कर्ज शून्य, जामीनदार मोकळा, सिबिल साफ. फी पंचेचाळीस हजार, निम्मी आधी. वडील तूर विकून पैसे द्यायला निघालेत. हे खरं आहे का? कुणी असं केलंय का?

पूर्णाकाठ_वकील
दादा, त्या माणसाला एक रुपयासुद्धा देऊ नका. जामीनदार मोकळा होतो हे साफ खोटं आहे. उद्या तारखा आहेत, रात्री सविस्तर लिहिते. तोवर वडिलांना तूर विकू देऊ नका.

बालाघाट
भाऊ, तुमचं वाचून आतडं तुटलं. आमच्या बीडमध्ये प्रत्येक वाडी-तांड्यावर असं एक तरी पोरगं आहे. आईबाप ऊसतोडीला जातात, पोराला इंजिनिअर करतात, आणि पोरगं बारा हजारावर कंपनीच्या गेटावर उभं. कंपनी बुडाली की मालकाला कायदा आहे, लवाद आहे, वाटाघाटी आहेत. शिकलेल्या पोराला काय आहे? कामून नाही त्याच्यासाठी कायदा?

आणि पीककर्जाची माफी दोनदा झाली, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती. त्यात शिक्षणाचं कर्ज कुठंच नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात शेतीचं कर्ज आणि पोराच्या फीचं कर्ज वेगळं असतं का? दोन्ही एकाच सोयाबीनच्या पट्टीतून फिटायचं असतं.

सोनपेठचा_मास्तर
बालाघाटराव, तळमळ कळते. पण माफीच्या आशेवर हप्ते थांबवलेली घरं मी डोळ्यांनी पाहिलीत. माफी आली नाही, व्याज मात्र चढत गेलं. घेतलेलं फेडायचं असतं ही आपल्या आज्याची रीत आहे आणि मला ती बरोबर वाटते. मांजराकाठ, भावाला दुसरं काम मिळेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी मिळून थोडं थोडं उचलावं. मामांना या वयात कोर्टकचेरी दाखवू नका.

बालाघाट
मास्तर, फेडायचंच आहे. प्रश्न असा आहे की ज्याला फेडणं शक्यच नाही त्यानं काय करायचं. आज्याच्या काळात सावकार घरी यायचा, सात पिढ्यांची ओळख असायची. आता कॉल सेंटरवरून अनोळखी पोरगं बापाला शिव्या देतं.

पूर्णाकाठ_वकील
लिहिते. लांब होईल, पण अर्धवट माहितीवरच हे सल्लागार जगतात, म्हणून नीट वाचा.

भारतात व्यक्तीच्या नादारीसाठी आज चालू असलेले कायदे इंग्रजांच्या वेळचे आहेत. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ ला नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींची सोय लिहिलेली आहे, पण तो भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. तुमचा भाऊ त्यात बसत नाही, मामाही बसत नाहीत, कारण त्यांचा जामीन कंपनीसाठी नव्हता.

म्हणजे सल्लागार जो अर्ज टाकणार तो जुन्या कायद्याखालचा, जिल्हा न्यायालयात. तिथं काय होतं ते बघा. कोर्ट आधी माणसाला नादार ठरवतं. त्या क्षणी त्याची सगळी मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. वडिलोपार्जित जमिनीत भावाचा हिस्सा असेल तर तोही हिशेबात येतो. कर्जातून सुटका ही वेगळी पायरी आहे. त्यासाठी कोर्टानं दिलेल्या मुदतीत पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि कोर्ट तो नाकारू शकतं, लांबवू शकतं, अटी घालू शकतं. मालमत्तेतून रुपयाला निदान पन्नास पैसेसुद्धा निघत नसतील तर पूर्ण सुटका द्यायची नाही असं कलम ४२ सांगतं. आपला काही दोष नसताना ही वेळ आली हे पटवून दिलं तरच त्याला अपवाद. हे सगळं व्हायला वर्षं लागतात.

आता तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नादार माणूस सुटला तरी त्याच्याबरोबर बांधलेला सहकर्जदार सुटत नाही आणि त्याचा जामीनदारही सुटत नाही. करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. भाऊ बाहेर पडला की बँकेसमोर उरतात तुमचे वडील आणि मामा. एरवी मामांनी भरलेले पैसे भावाकडून मागायचा हक्क त्यांना कलम १४५ नं मिळतो. भावाची नादारी झाली की तो हक्कही तिच्यातच अडकतो. ज्या मामांनी विश्वासानं सही केली त्यांच्यावरच सगळं ओझं टाकणारा हा रस्ता आहे. मी तुमची वकील असते तर हा अर्ज हातात घेतला नसता.

'सिबिल साफ' हेही खोटं. नादारी लागली तर उलट डाग पडतो. मुक्त न झालेल्या नादाराला आमदार-खासदार होता येत नाही, ते घटनेतच आहे (कलम १०२ आणि १९१). सरकारी नोकराच्या वर्तणूक नियमांतही नादारी टाळायला सांगितलेलं आहे. भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल तर हाही विचार करा.

मांजराकाठ
वकीलताई, उपकार झाले. वडिलांना वाचून दाखवलं, ते गप्प बसून राहिले. एक विचारतो. तो माणूस म्हणत होता की नवा कायदा येतोय, त्यात गरिबाला 'नवी सुरुवात' नावाची सोय आहे, तेवढं थांबा. त्यात काही आहे का?

पूर्णाकाठ_वकील
'नवी सुरुवात' संहितेत लिहिलेली आहे हे खरं. अटी ऐका: वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, स्वतःचं घर नको, आणि माफ होऊ शकणारं कर्ज फार तर ३५,०००. आजच्या काळात या आकड्यांत मजूरसुद्धा बसणार नाही.

पण आकडे वाढवले तरी तुमच्या भावाला उपयोग नाही. संहितेच्या कलम ७९ मध्ये वगळलेल्या कर्जांची यादी आहे. कोर्टानं ठोठावलेला दंड, निष्काळजीपणाबद्दलची नुकसानभरपाई, बायकोमुलांची पोटगी, आणि त्याच रांगेत शैक्षणिक कर्ज. ही कर्जं 'नवी सुरुवात'मध्ये माफ होत नाहीत. परतफेडीचा आराखडा मागायचा अर्ज त्यांच्यासाठी करता येत नाही (कलम ९४). आणि पूर्ण दिवाळखोरी होऊन माणूस मुक्त झाला तरी ही कर्जं त्याच्या डोक्यावर राहतात (कलम १३९). तिन्ही दारं बंद आहेत. नवा कायदा लागू होण्याची वाट बघणं म्हणजे शिक्षणाच्या कर्जासाठी आजच्यापेक्षा कडक कायद्याची वाट बघणं.

हे वकील म्हणून सांगितलं. माणूस म्हणून सांगते, ही यादी मला अन्यायाची वाटते. दंड गुन्ह्याचा असतो, पोटगी लेकरांच्या तोंडचा घास असते. शिकायला काढलेलं कर्ज त्या पंगतीत कशाला? क्रेडिट कार्डावर टीव्ही घेतलेला माणूस उद्या या कायद्यानं सुटेल आणि फी भरलेला सुटणार नाही.

डॅलसचा_नांदेडकर
वकीलताईंच्या मुद्द्याला जोडून. ही वगळण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. १९७६ पर्यंत इथं विद्यार्थी कर्ज दिवाळखोरीत इतर कर्जासारखंच सुटायचं. डॉक्टर-वकील पदवी मिळाली की लगेच दिवाळखोरी काढतात अशी ओरड झाली आणि संसदेनं पाच वर्षांची अट घातली. १९९० ला ती सात वर्षं झाली. १९९८ ला मुदतच काढून टाकली, म्हणजे सरकारी विद्यार्थी कर्ज कितीही जुनं झालं तरी आपोआप सुटेना. २००५ ला खासगी कंपन्यांची बहुतेक विद्यार्थी कर्जंही त्यात घातली.

तरी एक फट ठेवली: 'अवाजवी हालअपेष्टा' सिद्ध करा. १९८७ च्या ब्रूनर खटल्यातली कसोटी बहुतेक कोर्टं लावतात. कर्ज फेडत राहिलो तर किमान जगणंही जमणार नाही, ही स्थिती पुढंही बराच काळ टिकणार आहे, आणि मी आजवर प्रामाणिक प्रयत्न केले. तिन्ही सिद्ध करायचं, तेही दिवाळखोरीच्या अर्जात वेगळा दावा लावून. लोक इतके घाबरायचे की दावाच लावायचे नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्यानं सरकारी कर्जासाठी पद्धत सोपी केली. कर्जदार ठरावीक नमुन्यात आपली मिळकत, खर्च, वय, नोकरीची स्थिती प्रतिज्ञेवर लिहून देतो आणि सरकारी वकील ते तपासून विरोध करायचा की नाही ते ठरवतात. त्यानंतर दावे वाढले आणि निकालही कर्जदारांच्या बाजूनं जास्त लागू लागले.

हे सांगायचं कारण असं की अमेरिकेनं दार लावून घेतलं तरी कडी आतून उघडायची सोय ठेवली. आपल्या संहितेनं तिथलं बंद दार तेवढं घेतलं, कडी घेतली नाही. हालअपेष्टा सिद्ध करायची संधीसुद्धा नाही.

आपल्याकडची जी पोरं एमएस करायला इथं येतात त्यांच्यासाठी आणखी एक. कर्ज भारतातल्या बँकेचं असेल आणि बापानं तिकडं सही केली असेल तर इथल्या दिवाळखोरीनं बापाची सुटका होत नाही. इथं नोकरी गेली की काही जण असा सल्ला देतात. ऐकू नका.

बालाघाट
नांदेडकर, हे आपल्या खासदारांना कुणी सांगितलंय का? यादीतला तो एक शब्द काढायचा आहे. निदान 'हालअपेष्टा सिद्ध केल्यास' एवढं तरी जोडा. संहितेत बदल तर दर थोड्या वर्षांनी होतात. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून एक निवेदन द्यायला काय हरकत आहे?

निवृत्त_शाखाधिकारी
मी ३० वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच परभणी-हिंगोली भागात. बँकेची बाजू घेणार नाही, पण आत काय चालतं ते सांगतो, मांजराकाठला उपयोग होईल.

पहिलं, खात्याचा पूर्ण उतारा मागा, पहिल्या दिवसापासूनचा. साडेसहाचे नऊ लाख कसे झाले ते त्यात दिसेल. बँक संघटनेच्या नमुना योजनेप्रमाणं शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षात सरळ व्याज लावायचं असतं. तिथं चक्रवाढ लागलीय का बघा.

दुसरं, व्याज अनुदान. केंद्राची योजना २००९ पासूनची आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, कोर्स तांत्रिक-व्यावसायिक असेल आणि संस्था पात्र असेल तर शिक्षणाच्या काळातलं अधिक एक वर्षाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मागणी बँकेनं नोंदवावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला हे मिळायलाच पाहिजे. उताऱ्यात अनुदान जमा दिसत नसेल तर लेखी विचारा की मागणी का नोंदवली नाही. बँकेकडून राहून गेलं असेल तर तडजोडीच्या टेबलावर हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

तिसरं, नोकरी गेली म्हणून हप्ते काही काळ थांबवायची सोय सुधारित नमुना योजनेत आहे, कर्जाच्या पूर्ण काळात दोन-तीनदा. परतफेडीची मुदतही १५ वर्षांपर्यंत नेता येते. हे खातं थकायच्या आधी मागितलं असतं तर सोपं गेलं असतं. ९० दिवस हप्ता चुकला की खातं अनुत्पादक होतं, मग शाखेच्या हातात फार उरत नाही, फाइल विभागीय कार्यालयात जाते. हे इतर वाचकांसाठी मुद्दाम सांगतोय. पहिला हप्ता चुकणार असं दिसताच शाखेत जा. लोक लाजेनं येत नाहीत, आम्ही वाट बघत बसायचो.

चौथं, 'निर्लेखित' म्हणजे माफ नव्हे. बँक आपल्या वहीत कर्ज बुडीत लिहिते, तुमच्याकडची वसुली चालूच राहते. तसंच २०१५ ची हमी योजना. साडेसात लाखांपर्यंतच्या, तारण आणि जामीनदार नसलेल्या कर्जाला ७५ टक्के हमी असते. ती रक्कम बँकेला मिळते, कर्जदार त्यानं सुटत नाही.

आता तुमच्यासाठी रस्ता: एकरकमी तडजोड. रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये तडजोडीबद्दल चौकट घालून दिलीय, प्रत्येक बँकेचं आपलं धोरण आहे. तारण नाही, कर्जदार बेरोजगार, खातं जुनं, अशा ठिकाणी बँक व्याजातलं बरंच सोडायला तयार होते. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, मंजुरीचं पत्र हातात घ्या आणि मगच पैसे भरा. पत्रात जामीनदार आणि सहकर्जदार दोघंही मुक्त, असं वाक्य पाहिजे. भरल्यावर बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, दाखला घ्या.

रेणुका_हिंगोली
मी हे केलंय म्हणून लिहिते. नर्सिंगचं कर्ज होतं, लग्नानंतर दोन वर्षं काम सुटलं आणि थकलं. जिल्हा न्यायालयातल्या राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तेव्हा घरचे घाबरले, त्यांना वाटलं अटक होते. तिथं कोर्ट फी नव्हती, वकील नव्हता, समोर पॅनेल आणि बँकेचे साहेब. शाखेत जे साहेब वर मान करून बोलायचे नाहीत ते तिथं पॅनेलसमोर नीट बोलले. व्याजातलं सोडून मुद्दल आणि थोडं वर असं ठरलं, तीन हप्त्यांत. वडिलांनी म्हैस विकली, मी सोन्याची पोत मोडली. मला त्याचं वाईट वाटत नाही, रात्री झोप लागायला लागली. सिबिलमध्ये 'तडजोड' असं अजून दिसतं आणि गृहकर्ज नाकारलं गेलं, हेही सांगून ठेवते.

पूर्णाकाठ_वकील
रेणुकाताईंनी बरं झालं लिहिलं. लोकअदालतीतल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकमाचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून पेलणार नाही असा हप्ता तिथं भावनेच्या भरात कबूल करू नका.

अटकेची भीती सगळीकडं घातली जाते, तिचाही निकाल लावते. पैसे नाहीत एवढ्याच कारणानं कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सांगितलंय. ऐपत असून मुद्दाम बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. बाईला पैसे भरायच्या कोर्टाच्या हुकुमनाम्यासाठी अटक करताच येत नाही.

मामांच्या पगाराबद्दल. बँकेनं दावा जिंकला तरी सगळा पगार जप्त होत नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यालाच हात लावता येतो. समजा पगार ६०,००० आहे, तर जप्तीला पात्र साधारण १९,६६७. तेही एका हुकुमनाम्यासाठी एकूण २४ महिने, मग त्या हुकुमनाम्यापुरता पगार मोकळा. निवृत्तीनंतरच्या सरकारी पेन्शनला जप्ती नाही. मामांना हे सांगा, त्यांच्या मनावरचं थोडं उतरेल.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मनाई रिझर्व्ह बँकेनं केलीय. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास, यालाही मनाई आहे. शाळेत आलेल्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. आधी बँकेकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. फुकट आहे, ऑनलाइन होते.

जालन्याची_आई
ताई, आमचं थोडं वेगळं आहे. मुलगी बाहेरदेशी एमबीबीएसला होती, कर्ज बावीस लाख. तारण म्हणून तीन एकर रान आणि जालन्यातला प्लॉट दिलाय. बँकेची साठ दिवसांची नोटीस आलीय. रान जाईल का?

पूर्णाकाठ_वकील
काकू, ती सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२) ची नोटीस आहे. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे (कलम ३१), त्यामुळं त्या नोटिशीच्या जोरावर बँक रानाचा ताबा घेऊ शकत नाही. मात्र जमीन खरोखर शेतीची पाहिजे, अकृषिक झालेली नको. आणि प्लॉटला हे संरक्षण नाही. कर्ज वीस लाखांच्या वर असल्यानं बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात वेगळा दावा लावू शकते, तिथं गहाण रानही विक्रीला निघू शकतं. म्हणून निर्धास्त बसू नका. नोटिशीला साठ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढं ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं, ते छत्रपती संभाजीनगरला आहे. सातबाऱ्यावरच्या बोज्याची नक्कल आणि नोटीस घेऊन आजच वकील गाठा.

वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, प्रत्येक जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दुष्काळ, अतिवृष्टी-पुराची झळ बसलेल्यांचाही कायद्यात उल्लेख आहे, आपल्याकडं त्याची यादी लांब होईल.

सोनपेठचा_मास्तर
वकीलताई, एक शंका. आमच्या गावात सांगतात, तीन वर्षं बँकेला टाळा, मुदत संपते, मग कोर्टात काही होत नाही.

पूर्णाकाठ_वकील
सर, दाव्याची मुदत तीन वर्षं हे खरं, पण मधेच एक हप्ता भरला किंवा कर्जकबुलीच्या कागदावर सही केली की ती नव्यानं मोजली जाते. बँका मुदत संपायच्या आत दावा लावतात किंवा सही घेतात. तेवढ्या काळात व्याज चढतं, सिबिल जातं आणि तडजोडीची वेळही निघून जाते. त्या भरवशावर कुणी राहू नये.

मांजराकाठ
मंडळी, शाखेत जाऊन आलो. मामाही बरोबर आले, मी बोलावलं नव्हतं, स्वतःहून स्टँडवर उभे होते. शाखाधिकारी काकांनी इथं सांगितल्याप्रमाणं पूर्ण उतारा मागितला. आधी 'सिस्टिममध्ये निघत नाही' म्हणाले, लेखी अर्ज दिल्यावर निघाला. व्याज अनुदान एकाच वर्षाचं जमा आहे, बाकीच्या वर्षांचं नाही. उत्पन्नाचे दाखले आम्ही दरवर्षी दिले होते, त्यांच्या पोचपावत्या वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात.

साहेब म्हणाले, तडजोडीचा अर्ज द्या, विभागीय कार्यालयाकडं पाठवतो. त्यांनी एका छापील कागदावर भावाची आणि मामांची सही मागितली, वरती 'शिल्लक रकमेची कबुली' असं होतं. आम्ही वाचायला घरी आणलाय. सही करावी का?

निवृत्त_शाखाधिकारी
पोचपावत्या आहेत म्हणजे निम्मं काम झालं. त्यांच्या झेरॉक्स तडजोडीच्या अर्जाला जोडा आणि अर्जात वर्षवार लिहा की कोणत्या वर्षाचं अनुदान आलं, कोणत्या वर्षाचं नाही, आणि तेवढं व्याज कमी करून हिशेब मागतो. भरू शकाल तो आकडा स्वतः लिहा, बँकेवर सोडू नका. थोडी रक्कम अर्जाबरोबर भरायची तयारी दाखवली तर वरचे लोक फाइल गांभीर्यानं घेतात.

पूर्णाकाठ_वकील
त्या कागदावर आत्ता कुणीच सही करू नका. त्यात छापलेली रक्कम अनुदान न धरता काढलेली आहे, सही केली की ती तुम्हाला मान्य झाली असं होतं. मुदतही नव्यानं सुरू होते. तडजोडीचा अर्ज द्या, त्यावर 'हिशेबाबद्दलचा हक्क राखून' असं ठळक लिहा आणि आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मला इथंच कळवा, लोकपालाच्या तक्रारीचा मसुदा मी करून देते. आणि सल्लागाराला वडिलांनी काही कागद दिले असतील, आधार, पॅन, कोरे सही केलेले फॉर्म, तर ते आजच परत मागून घ्या.

मांजराकाठ
आधारची झेरॉक्स आणि दोन कोरे फॉर्म दिले होते. उद्या मी आणि भाऊ जाऊन आणतो.